पाटीवरचे नवे नाव
मेंदू पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांत वाटला गेलेला असे: रचना शरीररचनाशास्त्राकडे, कार्य शरीरक्रियाशास्त्राकडे, रसायन तिसऱ्याच विभागाकडे. १९५९ मध्ये स्टीफन कफलर जॉन्स हॉपकिन्स सोडून हार्वर्डच्या औषधशास्त्र विभागात आले. ह्यूबेल, वीझल ही तरुण मंडळीही सोबत आली. १९६६ मध्ये तिथे न्यूरोबायॉलॉजीचा स्वतंत्र विभाग झाला. पाटी बदलणे क्षुल्लक वाटेल, पण आता विद्युत-नोंदी घेणारा आणि रसायन जाणणारा एकाच विद्यार्थ्याला शिकवू लागले.

मांजराच्या दृष्टिपटलातील पेशी प्रकाशाच्या ठिपक्याला आणि भोवतीच्या कड्याला उलट प्रतिसाद देतात, हे कफलर यांनी १९५३ मध्येच दाखवले होते. तोच धागा ह्यूबेल-वीझल यांनी मेंदूतील दृष्टिकेंद्रापर्यंत नेला. त्यांना १९८१चे नोबेल मिळाले. कफलर आदल्याच वर्षी, ऑक्टोबरात वारले होते.