कार्यशाळेचे दार आणि येलदरीचे पाणी

जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर मातीचे मोठे धरण उभे राहिले ते साठच्या दशकात. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. मराठवाड्यातले अभियांत्रिकी शिक्षणही साधारण याच वयाचे. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे; औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय १९६०चे, तर नांदेडचे १९८१चे. पुढे महाविद्यालये वाढली, पण जर्नल उतरवून सबमिशन उरकायचे आणि जुन्या प्रश्नपत्रिकांवर पेपर काढायचा, ही रीतही त्यांच्याबरोबर रुजली. मग ‘मुले स्वतःहून शिकत नाहीत’ अशी तक्रार होते. दोष मुलांच्या आळसावर टाकणे सोपे आहे. इतिहास मात्र बोट दाखवतो ते व्यवस्थेकडे.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. नेमून दिलेले काम बिनचूक करणारा माणूस घडवण्यासाठी नेमलेला अभ्यास आणि परीक्षा पुरेशी होती. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाट वेगळी. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले चित्रकलेचे शिक्षण सुटले, पण यंत्रांची रेखाटने त्यांना चांगली जमत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवता शिकवता ते तिथल्या कार्यशाळेत यंत्रे हाताळू लागले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना. सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईकच मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. परीक्षक होता तो शेतकरी, आणि त्याला पाठांतर चालणार नव्हते.

सगळेच किर्लोस्कर नसतात, हा आक्षेप रास्त आहे. खेड्यातून आलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाला ‘तुझे तू शीक’ म्हणणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणेच. पण किर्लोस्करांनाही एका संस्थेने यंत्रांपाशी जाऊ दिले होते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे स्वयंअध्ययनाला शिक्षक लागतोच. फक्त त्याने उत्तर सांगण्याआधी प्रश्न आणि साधने हाती द्यावीत. उन्हाळ्यात येलदरीची पातळी खाली गेली की तितक्याच पाण्यातून वीज कमी का निघते? जलाशयाच्या पातळीचे आकडे हाती देऊन हा हिशेब मांडायला लावला, तर वीजनिर्मितीच्या सूत्रातल्या उंचीला आणि प्रवाहाला अर्थ येतो.

यात अभ्यासक्रम मागे पडेल, अशी भीती घातली जाते. दोन प्रकरणे कमी झाली तर ती पुढे गरजेपोटी वाचता येतात. न पडलेला प्रश्न मात्र पदवीनंतर कुणी शिकवत नाही. म्हणून मुलांना स्वावलंबनावर व्याख्याने देण्याआधी महाविद्यालयांनी संध्याकाळी कार्यशाळेचे कुलूप काढावे आणि मुलाने शोधलेल्या उत्तराला परीक्षेत गुण द्यावेत.