पद वर्षाचे, दप्तर कायमचे

सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या कार्यकारिणीने स्मरणिकेसाठी आपले मनोगत लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. अशा मनोगतांचा साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आरंभी कार्यक्रमांची जंत्री, मध्ये देणगीदारांचे ऋणनिर्देश, आणि शेवटी काही उणे राहिले असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी, ही विनंती. ती सर्व माहिती वार्षिक अहवालात यथास्थित आलेलीच आहे. तिची पुनरुक्ती करण्यापेक्षा, एका वर्षापुरते पद स्वीकारणे आणि वर्ष सरताच ते दुसऱ्याच्या हाती देणे या रीतीचाच थोडा इतिहास येथे मांडावा, असे आम्ही ठरविले. त्यासाठी उदाहरण निवडले ते आपल्याच कलकत्ता शहरातील, परंतु आपल्यापैकी फारच थोड्यांनी आतून पाहिलेल्या एका संस्थेचे.

पार्क स्ट्रीटवर १९ क्रमांकाची वास्तू ‘फ्रीमेसन्स हॉल’ या नावाने ओळखली जाते. फ्रीमेसन म्हणजे मूळचे पाथरवट. इंग्लंड-स्कॉटलंडमधील गवंडी-पाथरवटांच्या जुन्या संघटनांत पुढे त्या धंद्याशी संबंध नसलेले सरदार, डॉक्टर, व्यापारी दाखल झाले आणि त्यांतून बंधुभावाची शपथ घेणारी एक मंडळी उभी राहिली. १७१७ साली लंडनमधील चार लॉजेसनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज स्थापन केली, असे त्यांची परंपरा सांगते. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, १७३० साली, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये लॉज सुरू झाली. पाथरवटांचे धंदे सुटले, तरी त्यांची हत्यारे मात्र चिन्हरूपाने राहिली.

लॉजचा कारभार पाहणारे पदाधिकारी एका वर्षासाठी असतात. प्रमुखाला मास्टर म्हणतात. त्याच्या गळ्यातील पट्ट्याला गुण्या अडकविलेला असतो. त्याच्या खालोखाल दोन वॉर्डन. त्यांपैकी ज्येष्ठाकडे पाणसळ आणि कनिष्ठाकडे ओळंबा. खजिनदाराची खूण किल्ली, तर चिटणिसाची खूण एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन लेखण्या. अगदी शेवटचा अधिकारी टायलर. तो दाराबाहेर तलवार घेऊन उभा असतो आणि अनधिकृत मनुष्य आत जाऊ नये, एवढेच पाहतो. इंग्लिश परंपरेत मास्टरची निवड दरवर्षी गुप्त मतदानाने होते, आणि विशेष परवानगीवाचून सलग दोन वर्षांहून अधिक काळ त्याला त्या आसनावर राहता येत नाही. मुदत संपली की तो आपल्या उत्तराधिकाऱ्याला स्वहस्ते आसनावर बसवितो, पट्टा त्याच्या गळ्यात घालतो, आणि स्वतः माजी मास्टर म्हणून त्याच्या शेजारी, सल्ल्यापुरता, बसतो.

ही रीत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा आपण पाहिलेला आहे. वीणा जमिनीवर टेकवावयाची नाही; पहारा बदलताना ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वीणा कोणाच्याही मालकीची नसते. मात्र पहाऱ्यावर असताना ती कशी वाजली, याची जबाबदारी त्याचीच असते.

लॉजचा इतिहास आम्हांस बोधप्रद वाटला तो मात्र या सोहळ्यामुळे नव्हे, तर दारावरच्या त्या टायलरमुळे. मनुष्यमात्र बंधू आहेत, अशी शपथ घेणाऱ्या संस्थेने या देशातील माणसांना दार उघडावयास किती वर्षे लावली, हे पाहण्यासारखे आहे. १७७० च्या दशकात अर्काटच्या नवाबाचे चिरंजीव उमदत-उल-उमरा यांना त्रिचनापल्ली येथे लॉजमध्ये घेतले गेले. परंतु ते राजपुत्र होते. सामान्य भारतीय सभासद होऊ शकतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले नाही.

तो प्रश्न मुंबईत धसास लागला. माणेकजी करसेटजी हे पारशी समाजातील सुधारक गृहस्थ. मुलींच्या शिक्षणासाठी पुढे त्यांनी केलेले कार्य प्रसिद्ध आहे. मुंबईच्या लॉजने त्यांना नाकारले, तेव्हा त्यांनी युरोपच्या प्रवासात पॅरिस येथे दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईचे दार उघडेना. त्या वेळी पश्चिम भारतातील स्कॉटिश शाखेचे प्रमुख होते डॉ. जेम्स बर्न्स. भुजच्या दरबारी राहून सिंधचे वर्णन लिहिणारे, आणि १८४१ साली काबूल येथे मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे बंधू. जुन्या लॉजशी वाद घालीत न बसता त्यांनी १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही नवी लॉज काढली, ती भारतीयांना प्रवेश देण्याच्या उघड हेतूने. पारशी आणि मुसलमान गृहस्थ तीत दाखल झाले. एका पदाधिकाऱ्याने आपल्या कारकिर्दीत काय करावे, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

आपल्या कलकत्त्याचे उदाहरण मात्र इतके सुखद नाही. येथे प्रश्न हिंदूंचा होता. ईश्वर एक आहे असे मानणे ही सभासदत्वाची अट. आणि अनेक देवांना भजणारा हिंदू ती पाळू शकतो काय, अशी शंका पुढे करण्यात आली. शंकेच्या जोडीला नियमही होता. प्रांतप्रमुखाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज कोणाही आशियाई व्यक्तीचे नाव सुचवावयाचे नाही! लॉजमध्ये उमेदवारावर मतदान गोट्यांनी होते, आणि काळी गोटी पडली की उमेदवार बाद. परंतु या नियमामुळे काळी गोटी टाकण्याचीही कोणावर वेळ येत नव्हती. प्रसन्नकुमार दत्त या बंगाली व्यापाऱ्यांचे नाव १८६३ साली पुढे आले, आणि त्यांना प्रवेश मिळाला तो १८७२ साली, ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये. मधल्या नऊ वर्षांत त्यांनी अर्ज केले, पत्रे लिहिली, थेट लंडनपर्यंत दाद मागितली.

या नऊ वर्षांत पदाधिकारी कितीदा बदलले असतील, याचा विचार आमच्या मनात वारंवार येतो. प्रत्येक वर्षी नवा मास्टर, नवा चिटणीस. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, प्रत्येकाच्या मुखी बंधुभाव. एका वर्षाच्या मुदतीचा हाच दोष आहे. अवघड प्रश्न पुढच्यावर ढकलावयास ती फार सोयीची असते. ‘आमच्या कारकिर्दीत नको’ असे प्रत्येकाने मनात म्हटले, की कोणाच्याही हातून अन्याय झालेला नसतो, आणि तरीही नऊ वर्षे अन्याय चालू असतो.

दत्तबाबूंनी ते दार उघडल्यानंतर बारा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १८८४ रोजी, त्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये एका तरुणाने दीक्षा घेतली. त्याचे नाव नरेंद्रनाथ दत्त. जग त्यांना स्वामी विवेकानंद या नावाने ओळखते. दार अडविणाऱ्याला, आपण कोणाकोणाला अडवीत आहोत, याची कल्पना कधीच नसते.

दाराइतकेच महत्त्व दप्तराचे. या संदर्भात लाहोरच्या ‘होप अँड परसीव्हरन्स’ लॉजची हकीकत सांगण्यासारखी आहे. मुंबईत जन्मलेले आणि त्या वेळी लाहोरच्या वृत्तपत्रात काम करणारे रड्यार्ड किपलिंग १८८६ साली तिचे सभासद झाले. त्यांना एकवीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती, तरी विशेष परवानगीने त्यांना घेण्यात आले. कारण, त्यांनीच आत्मचरित्रात म्हटल्याप्रमाणे, लॉजला एक चांगला चिटणीस हवा होता. तसा तो मिळाला नाही, ही कबुलीही ते लगोलग देऊन टाकतात. आपण लॉजच्या उघड्या भिंती वडिलांच्या सल्ल्याने पडद्यांनी सजविल्या, एवढेच श्रेय ते घेतात. पदाधिकाऱ्याने आपल्या सेवेचे केलेले याहून प्रांजळ परीक्षण आमच्या वाचनात नाही. हिंदू, मुसलमान, शीख, आर्यसमाजी, ब्राह्मसमाजी अशी सर्व मंडळी तेथे भेटली, आणि टायलर तर आपल्या लहानशा समाजाचा पुरोहित व खाटीक अशी दोन्ही कामे करणारा ज्यू होता, असे ते लिहितात. ‘द मदर लॉज’ ही त्यांची प्रसिद्ध कविता याच आठवणींवर उभी आहे.

परंतु उतारवयात त्यांनी असेही सांगितले, की आपणांस पहिली दीक्षा हिंदूने, दुसरी मुसलमानाने आणि तिसरी इंग्रजाने दिली. लॉजच्या नोंदी त्याला दुजोरा देत नाहीत. गंमत अशी, की तिसऱ्या दीक्षेच्या सभेचे इतिवृत्त खुद्द किपलिंग यांच्याच हातचे आहे! माणूस खोटे बोलत नव्हता. जे असावयास हवे होते, ते स्मृतीने झालेले म्हणून जपले. स्मृती उदार असते. इतिवृत्त उदार नसते. म्हणूनच संस्थेला दोहोंची गरज असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्ली येथे भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. एक दार मात्र तेथे बंदच राहिले. या मुख्य परंपरेत स्त्रियांना सभासदत्व नाही. अ‍ॅनी बेझंट यांनी स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देणारी शाखा १९०२ साली लंडनमध्ये उभी केली, परंतु मूळ संस्थेने तिला मान्यता दिली नाही.

हे सर्व आम्ही कोणा परक्या संस्थेचे उणे काढण्यासाठी लिहिलेले नाही. आता आमच्या घरच्या दप्तराकडे वळतो.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही मंडळाच्या जुन्या सभासदांच्या मुलाखती घेतल्या. त्या सर्वांनी एकमुखाने सांगितले, की आपले मंडळ पहिल्या दिवसापासून सर्व मराठी माणसांचे होते. येथे बँकेतला अधिकारी आणि गिरणीतला कामगार एकाच पंगतीला बसत. ऐकून आमचा ऊर भरून आला. त्यानंतर आम्ही इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. तिसऱ्या वर्षाच्या वहीत एक नोंद सापडली. रेल्वेच्या कारखान्यात फिटर असलेल्या, भंडारा जिल्ह्यातून आलेल्या एका गृहस्थांनी सभासदत्वासाठी अर्ज केला होता. नियमाप्रमाणे सूचक व अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या हव्या होत्या. त्यांच्या ओळखीचे मंडळात कोणीच नव्हते. त्यापुढे चारच शब्द आहेत: ‘अर्ज दप्तरी दाखल केला.’ पुढील वर्षी तोच अर्ज, तेच नाव, तोच शेरा. त्याच्या पुढील वर्षी नाव नाही. एकाही जुन्या सभासदाला त्या गृहस्थांचा चेहरा आठवत नाही.

ही नोंद स्मरणिकेत द्यावी की न द्यावी, यावर आमच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. मंगल प्रसंगी जुन्या जखमेची खपली कशाला काढावी, असे काहींचे म्हणणे होते, आणि ते वाईट हेतूने नव्हते. त्या कार्यकारिणीने केवळ नियम पाळला, हेही खरे. चर्चा रंगात आली असता आमच्या कार्यवाहांनी चालू वर्षाची फाईल उघडली. तीत चार अर्ज पडून होते, सूचकाची सही नाही म्हणून. त्यांपैकी दोन हावड्याकडील कामगार वस्तीतले होते. एक अर्ज मराठी आईच्या आणि बंगाली वडिलांच्या मुलीचा होता. अर्जाच्या तारखा पाहिल्या; सर्वांत जुना सात महिन्यांपूर्वीचा निघाला. बैठक शांत झाली. नोंद छापण्याचा ठराव एका मताच्या आधिक्याने संमत झाला.

ते चारही अर्ज आम्ही त्याच महिन्यात निकालात काढले. सूचक म्हणून पदाधिकाऱ्यांनीच घरी जाऊन, ओळख करून घेऊन सह्या केल्या. अर्जदाराला कोणी ओळखत नसेल तर ओळख करून घेणे हे कार्यकारिणीचे काम, आणि नकार द्यावयाचा झाल्यास तो लेखी व सकारण द्यावयाचा, अशी घटनादुरुस्ती वार्षिक सभेपुढे ठेवली आहे. ती संमत करणे सभासदांच्या हाती आहे. तिसऱ्या वर्षाच्या त्या नोंदीबद्दल आम्ही काही करू शकलो नाही. ज्यांचा अर्ज होता त्यांचा शोध घेतला. कारखान्यातून ते निवृत्त होऊन गावी गेले, यापलीकडे काही कळले नाही.

या वर्षात नाटक झाले, गणेशोत्सव थाटात झाला, ग्रंथालयात पुस्तके वाढली. त्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु आमच्या कारकिर्दीविषयी पुढे कोणी विचारलेच, तर त्या चार अर्जांचा सात महिन्यांचा विलंबही सांगितला जावा, म्हणून तो आम्ही आमच्याच हस्ताक्षरात इतिवृत्तात नोंदवून ठेवला आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही किल्ल्या, शिक्का, हिशेबाच्या वह्या आणि इतिवृत्ते नव्या कार्यकारिणीच्या स्वाधीन करू, आणि मागच्या रांगेत जाऊन बसू. नव्या पदाधिकाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. पद हाती घेताच प्रथम प्रलंबित अर्जांची फाईल पाहावी. सत्काराचे हार त्यानंतर. मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेचे लेखक आमच्याही वह्या उघडतील, आणि त्यांत आमच्या वर्षापुढे ‘दप्तरी दाखल’ हा शेरा त्यांना आढळू नये, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.