घराला कुलूप कधी लागायचं?

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'गिरणगावातल्या मोठ्या कुटुंबांत आईवडिलांच्या आयुष्यात फुरसत ही गोष्टच नव्हती.' लिहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आमच्या गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कशावरून?'

आजचा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, विषय शोधताय. रोजच्या जगण्याचा इतिहास लिहायचा असेल तर पाय कुठे घसरतो, ते माझ्या चुकीवरून बघा.

आकड्यांतलं कुटुंब

माझ्याकडे साधनं नव्हती असं नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं आणि त्याने लगेच कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ मध्ये छापला गेला. गिरण्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाला तो उघडावाच लागतो. त्यात दोन हजार चारशेहून जास्त कुटुंबांचे हिशेब आहेत. महिन्याची सरासरी मिळकत साधारण ५२ रुपये. शंभर रुपये खर्च धरले तर ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि राहिलेले १८.५ 'किरकोळ'. ४७ टक्के कुटुंबं कर्जात.

मी हे टिपून घेतलं आणि निष्कर्ष काढून मोकळी झाले. सहलीचा रकाना नाही, म्हणजे सहल नाही! आता तोच अहवाल पुन्हा बघू या.

पहिली गोष्ट, कुटुंब. या अहवालात मुंबईतल्या कामगार कुटुंबात सरासरी चारच्या थोडी वर माणसं आहेत. मग ती सात-आठ मुलांची मोठी कुटुंबं गेली कुठे? ती होतीच. पण एक-दोन मुलं गावी आजीजवळ, एक-दोन दगावलेली, एखादं अजून जन्मायचं. पाहणी करणाऱ्याने त्या महिन्यात त्या खोलीत किती ताटं मांडली जात होती ते मोजलं. आईने किती बाळंतपणं काढली, ते नाही. अहवालात 'कुटुंब' हा शब्द आला की आधी विचारा: कुणाला धरलंय, कुणाला सोडलंय?

दुसरी गोष्ट, 'किरकोळ'. न्हावी, साबण, विडी-तंबाखू, औषधपाणी, कर्जाचं व्याज आणि गावी जाण्यायेण्याचं भाडं, सगळं या एकाच रकान्यात कोंबलेलं. मी जी सहल शोधत होते ती इथे बसली होती. फक्त तिचं नाव सहल नव्हतं, 'गावी जाणं' होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. १९२१ मध्ये मुंबईतला नोंदलेला बालमृत्युदर हजारी साडेसहाशेच्या वर गेला होता. आकडा ऐकूनच अंगावर काटा येतो. पण त्या काळातही जाणकार सांगत होते की तो जपून वापरा. कारण अनेक बायका बाळंतपणाला गावी जात. तिथे जन्मलेलं मूल मुंबईच्या जन्मनोंदीत येत नसे. आई परत आली आणि ते मूल इथे गेलं, तर मृत्यूच्या नोंदीत मात्र ते येई. म्हणजे भागाकारात वरचा आकडा फुगलेला आणि खालचा रोडावलेला. याने त्या मृत्यूंचं दुःख कमी होत नाही. पण संशोधक म्हणून बघा, बाईचं माहेरी जाणं आपल्याला कुठे सापडलं? मृत्युदराच्या तक्त्यातल्या चुकीत.

रजेच्या वाटेने

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली, हे तुम्हाला पाठ असेल. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या मागणीच्या गोष्टीत नेहमी सांगितलं जातं. सुट्टी मिळाली ती गिरणीला. घरी राहिलेल्या बाईच्या चुलीला कुठला वार? उलट रविवारी नवरा घरी, म्हणजे पाणी जास्त, भाकऱ्या जास्त. शिवाय खानावळ चालवणारी असेल तर एकट्या राहणाऱ्या गाववाल्यांचं जेवणही तिच्यावरच.

गावी जाणं मालकांच्या कागदांत 'गैरहजेरी' म्हणून येतं. एप्रिल-मे आला की माणसं गावाला पळतात, ही त्यांची कायमची तक्रार. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालाने मात्र वेगळी बाजू घेतली: कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडू नका, उलट रीतसर रजा द्या. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा असा हिशेब आला. तेव्हा कुठे गावी जाणं हा हक्क झाला, तोही गिरणीच्या हजेरीपटावर नाव असणाऱ्याचा. बदली कामगाराला एवढे दिवस भरवतानाच नाकी नऊ येत.

कागद इथवर नेतो. खोलीच्या आत काय चाललं होतं ते कळायला माणसं भेटायला हवीत. १९२१ च्या पिढीतलं आज कुणी नाही. पण माझं प्रकरण १९७० पर्यंत येतं आणि त्या काळातल्या आज्या अजून आहेत.

आजींची मुलाखत

ज्या आजींबद्दल सांगतेय त्यांचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय. माहेर-सासर दोन्ही देवगडकडचं. १९५२ मध्ये लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या. नवरा साच्यावर. 'सात झाली, पाच राहिली,' हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.

मी माझ्या प्रश्नावलीतला प्रश्न विचारला, "आजी, सुट्टीत तुम्ही दोघं कुठे जायचात?"

"सुट्टी कसली गो बाय?" आजी हसल्या. संपलं. माझं आवडतं वाक्य खरं ठरलं, असं मला वाटलं.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं, प्रश्नच चुकलाय. 'सुट्टी' हा माझा शब्द होता, त्यांचा नव्हताच. पुढच्या खेपेला मी विचारलं, "आजी, तुमच्या खोलीला बाहेरून कुलूप कधी लागायचं?"

आणि मग आजी दीड तास बोलल्या. पौषात प्रभादेवीची जत्रा, चालत जायचं, पोरांना एक-एक पिपाणी. कधीतरी राणीची बाग, डबा घरून. धाकट्याला गोवर झाला तेव्हा बोललेला जेजुरीचा नवस, तो फेडायला तीन वर्षं लागली, कारण सात माणसांचं भाडं जमत नव्हतं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी. पावसाळ्यात बोटी बंद. गावी गेल्यावर आराम? छे, तिथे आंबे, फणस, शेणी, सासूबाई. पण समुद्र होता आणि नळाची रांग नव्हती.

मग त्या थांबल्या. "एकदाच आम्ही दोघंच गेलो. सासरे गेले तेव्हा. माघ होता." पोरांना चाळीतच ठेवलं, शेजारणीच्या भरवशावर. दिवसकार्य उरकून परत येताना डेकवर रात्र काढली. नवऱ्याने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. मांडीवर पोर नाही, रात्री कुणी उठवणार नाही. "पाप लागेल असं बोलल्यावर, पण बरं वाटलं हो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तेव्हा पहिल्यांदा ह्यांच्याशी सरळ बोलले."

चाळीतली खोली दहा बाय बाराची. रात्री पुरुष गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपायचे. नवराबायकोला बोलायला जागा मिळाली ती सासऱ्यांच्या तेराव्यानंतर बोटीवर! गिरणीच्या दफ्तरात ही रजा 'घरी मृत्यू' म्हणून असणार आणि घरच्या हिशेबात कर्ज म्हणून. सहल म्हणून ती कुठेच नाही.

मी भारावून गेले होते. एवढ्यात आजींची थोरली लेक चहा घेऊन आली. आता सत्तरीच्या आहेत त्या. कप ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "आई, तेव्हा मी पंधरा दिवस शाळेत गेले नव्हते. पहाटे चारला नळावर मी उभी असायची. चौघांचं मीच केलं."

आजी काही बोलल्या नाहीत. तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहा वर्षांची होती ती."

तर 'कशावरून?'

माझा पहिला मसुदा एका बाजूने चुकला होता: 'फुरसत नव्हतीच' म्हणून मी या माणसांच्या आयुष्यातली जत्रा, नवस, बोट पुसून टाकली होती. मुलाखतीनंतर मी दुसऱ्या बाजूने चुकणार होते. डेकवरच्या त्या रात्रीवर सुंदर परिच्छेद लिहून मोकळी झाले असते आणि नळावरची दहा वर्षांची मुलगी गायब झाली असती. मोठ्या कुटुंबात आईवडिलांना मिळालेली एक रात्र कुणाच्या तरी कामावर उभी असते. बहुतेक वेळा थोरल्या मुलीच्या.

तुमच्यासाठी यातून तीन कामाच्या गोष्टी.

एक, आपला शब्द साधनांवर लादू नका. 'फुरसत', 'सहल', 'सुट्टी' हे शब्द दफ्तरात सापडले नाहीत तर गैरहजेरी, कर्ज, नवस, दुखवटा, बाळंतपण या रकान्यांत शोधा.

दोन, मुलाखतीत मनातलं मत विचारण्याआधी डोळ्यांनी दिसणारी गोष्ट विचारा. कुलूप, किल्ली, तिकीट, डबा. माणसं वस्तूंच्या आधाराने आठवतात.

तीन, ज्याने आराम केला त्याची मुलाखत झाली की मागे कोण राहिलं होतं ते विचारा आणि जमल्यास त्या माणसाकडेही जा. एकाच खोलीतल्या दोघींची एकाच पंधरवड्याची आठवण वेगळी असते. दोन्ही प्रकरणात यायला हव्यात.

ते वाक्य मी खोडलं. त्याजागी आता जे आहे ते लांब आहे, थोडं ओबडधोबडही आहे, पण त्यातल्या प्रत्येक शब्दाला 'कशावरून'चं उत्तर देता येतं. निघताना थोरल्या लेकीने दारातच विचारलं होतं, "माझी पण घेणार का मुलाखत?" येत्या रविवारी जायचं ठरलंय. यावेळी प्रश्नावली कोरीच ठेवलीय, फक्त वर एक ओळ लिहिलीय: किल्ली कुणाकडे असायची?