निकालाच्या दिवशी सोबत कोण? फ्रँकल, साने गुरुजी आणि दोन पुस्तकं

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा मंडळींसाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात अडखळलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत.)



मागच्या आठवड्यात एक मेसेज आला. मुलगा विशीतला असावा. "दादा, रात्री झोप लागत नाही. अभ्यासात मन लागत नाही. आधी रोज देवळात जायचो, तेही सुटलं. एखादं पुस्तक सुचव ना, ज्याने बरं वाटेल."

मी लगेच यादी टाइप करायला घेतली. पुस्तकांचा विषय निघाला की आपल्याला कुठे थांबवतं! पण तीन नावं झाल्यावर वाटलं, हे आपलं काम आहे का? म्हणून ओळखीच्या एका समुपदेशक ताईंना फोन लावला. त्यांनी दोन पुस्तकं सांगितली. एक व्हिक्टर फ्रँकल यांचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग', ज्याचा मराठी अनुवाद 'अर्थाच्या शोधात' या नावाने मिळतो. दुसरं आपल्या साने गुरुजींचं 'श्यामची आई'. आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पुस्तक दे, पण आधी विचार, तो कुणाशी बोलतोय का?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून या दोन पुस्तकांच्या मागे काय घडलं होतं ते शोधायला लागलो. आज तीच गोष्ट सांगतो.

व्हिएन्ना, १९२८

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं झालेली. महागाई, बेकारी, आणि घराघरात चिंता. फ्रँकल तेव्हा २३ वर्षांचे, वैद्यकीय शिक्षण घेणारे. म्हणजे डॉक्टरसुद्धा झालेले नव्हते. त्या वयात त्यांनी शहरात तरुणांसाठी मोफत सल्ला केंद्रं सुरू करण्यात पुढाकार घेतला. कुणीही यावं, मनातलं बोलावं, पैसे नाहीत.

या कामात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. शाळेच्या निकालाचे दिवस आले की विद्यार्थ्यांच्या आत्महत्या वाढायच्या. मंडळी, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घरात जी शांतता पसरते ना, ती काही आजची नाही. मग १९३० च्या सुमारास फ्रँकल आणि त्यांच्या सोबत्यांनी खास निकालाच्या दिवसांसाठी मोहीम काढली. त्या काळात मुलांना भेटायला, ऐकून घ्यायला माणसं तयार ठेवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवसांत शहरात एकाही विद्यार्थ्याने आत्महत्या केली नाही, असं फ्रँकल यांनी पुढे सांगितलं.

दुसरा अनुभव बेकार तरुणांचा. नोकरी नाही, म्हणजे मी कुणाच्या उपयोगाचा नाही, म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही, असं गणित त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. स्पर्धा परीक्षांचे अटेम्प्ट देऊन थकलेल्या आपल्या मित्रांना हे गणित नवीन नाही. फ्रँकल यांनी अशा मुलांना तरुणांच्या संस्थांमध्ये, सार्वजनिक वाचनालयांमध्ये, प्रौढांच्या वर्गांमध्ये बिनपगारी काम करायला पाठवलं. खिसा रिकामाच राहिला, पोटात कावळे ओरडायचे ते ओरडतच राहिले. पण उदासी उतरली. 'मी कुणाला तरी हवा आहे' एवढं कळलं, ते पुरलं.

लक्षात घ्या, फ्रँकल यांच्या नावावर ते जगप्रसिद्ध पुस्तक तेव्हा नव्हतंच. आधी ऐकणं झालं, पुस्तक नंतर आलं.

अमळनेर, त्याच सुमारास

आता त्याच वर्षांत आपल्या खानदेशात या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. जन्म १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ पासून जवळपास सहा वर्षं ते तिथे शिकवत होते, आणि शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

वसतिगृहात राहिलेल्यांना विचारा, पहिल्या महिन्यात काय होतं ते. घरची आठवण, भाकरीची आठवण, पांघरुणात तोंड घालून रडणं. गुरुजींनी त्यावर नियमांचा फलक लावला नाही. मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, पसारा आवरला, आजारी मुलांच्या उशाशी बसले. आपली खोली गुरुजी आवरतात हे पाहून लाजून मुलं स्वतःच आवरायला लागली, असं सांगतात.

आणि या सगळ्याच्या जोडीला गुरुजी मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढायचे, 'छात्रालय दैनिक'. रोजच्या रोज, हाताने लिहिलेलं! थोरांची चरित्रं, गोष्टी, जगातल्या घडामोडी, मुलांना चार प्रेमाच्या गोष्टी. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजचा एक स्टेटस, पण चाळीस-पन्नास ओळींचा आणि आपल्यासाठीच लिहिलेला. सकाळी खोली आवरणारा माणूस तोच आणि हे लिहिणारा माणूसही तोच. म्हणून ती अक्षरं मुलांना आपली वाटली.

म्हणजे व्हिएन्नातला तरुण आणि अमळनेरचे शिक्षक यांना एकमेकांचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण दोघे एकच काम करत होते.

धुळे आणि नाशिक

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. मग तुरुंग आलाच.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा भावेही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसून ते सगळं लिहून घेतलं साने गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' म्हणून घराघरात असलेलं पुस्तक ते हेच. श्रद्धेवरचं पुस्तक कुणी सुचवा म्हटलं की हे नाव हमखास येतं. पण विचार करा, ते मुळात पुस्तक नव्हतंच. कुणीतरी बोलत होतं, कुणीतरी मन लावून ऐकत होतं, आणि ऐकणारा लिहून घेत होता.

पुढच्या वर्षी नाशिकचा तुरुंग. रात्री सोबत्यांना गुरुजी आपल्या आईच्या आठवणी सांगायचे. आई यशोदाबाई १९१७ मध्येच गेल्या होत्या. ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, त्यांनी लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबवला. चार-पाच दिवस! 'श्यामची आई' अशी लिहिली गेली. १९३५ मध्ये ती छापून आली. पुस्तकात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, कारण श्याम दर रात्री मित्रांना गोष्ट सांगतोय.

"ते रडकं पुस्तक?" असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. मीही म्हणायचो. पुन्हा वाचलं तेव्हा वेगळंच दिसलं. हा श्याम आदर्श मुलगा नाहीच. तो पोहायला घाबरून लपून बसतो, हट्ट करतो, चुकतो. घरावर कर्ज आहे, वडील खचलेत, आई आजारी आहे. आणि तो घरी पोहोचेपर्यंत आई गेलेली असते. म्हणजे हे एका अपराधी वाटणाऱ्या मुलाने, मोठा झाल्यावर, चार माणसांसमोर मन मोकळं करणं आहे. ऐकायला माणसं होती म्हणून ते बाहेर आलं.

नऊ दिवस

परत फ्रँकल यांच्याकडे. एक गोष्ट आधीच सांगतो, ब्रिटिशांचा तुरुंग आणि नाझींच्या छळछावण्या यांची तुलना होऊच शकत नाही. छावण्या माणसं संपवण्यासाठीच होत्या.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. फ्रँकल ज्यू होते. त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता, निघून जाता आलं असतं. पण म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून जावं का? त्या घालमेलीत असताना घरी त्यांना संगमरवराचा एक तुकडा दिसला. पाडून टाकलेल्या प्रार्थनास्थळातून वडिलांनी तो उचलून आणला होता. त्यावर एक हिब्रू अक्षर होतं, आणि ते अक्षर आईवडिलांचा मान राख या आज्ञेचं होतं. फ्रँकल राहिले. व्हिसा वाया गेला.

सप्टेंबर १९४२ मध्ये आईवडील आणि पत्नी टिली यांच्यासह त्यांना छावणीत नेलं. पुढे एकूण चार छावण्या. वडील पहिल्याच छावणीत गेले. ऑशविट्झमध्ये, कोटात लपवलेलं त्यांचं पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित गेलं. बदल्यात मिळालेल्या, कुणा मेलेल्या माणसाच्या फाटक्या कोटाच्या खिशात प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान सापडलं, ज्यूंची रोजची प्रार्थना असलेलं. तेच त्यांनी जपलं. शेवटच्या छावणीत तापाने फणफणलेले असताना, रात्री ग्लानी येऊ नये म्हणून, कागदाच्या चिटोऱ्यांवर हरवलेल्या पुस्तकाचे मुद्दे पुन्हा टिपत राहिले.

२७ एप्रिल १९४५ ला सुटका झाली. व्हिएन्नाला परतल्यावर कळलं, आई गेली, भाऊ गेला, टिली गेली.

आता इथे जरा थांबा, कारण बहुतेक व्हिडिओ या ठिकाणी उडी मारतात. "आणि मग त्यांनी नऊ दिवसांत पुस्तक लिहिलं!" हो, नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं, ते खरं. १९४६ मध्ये ते आलं. नाव न घालता, फक्त कैदी क्रमांक घालून छापायचं होतं त्यांना. मित्रांनी आग्रह केला म्हणून नाव आलं. पण त्या दिवसांत मित्रांनी फक्त एवढंच केलं नाही. हा माणूस जिवाचं काही बरंवाईट करेल, ही भीती त्यांना होती. ब्रुनो पिटरमन नावाच्या मित्राने, जे पुढे ऑस्ट्रियाचे उपचान्सलर झाले, त्यांना राहायला जागा मिळवून दिली, टाइपरायटर आणून दिला, आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतली. त्या कागदाचा नोकरीचा अर्ज झाला, आणि फ्रँकल पुन्हा रुग्णालयात रुजू झाले.

निकालाच्या दिवसांत मुलांना सांभाळणाऱ्या माणसाला त्याच्या वाईट दिवसांत मित्रांनी सांभाळलं. मग पुस्तक झालं. फ्रँकल १९९७ पर्यंत, ९२ वर्षं जगले. तोवर त्या पुस्तकाच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या होत्या.

११ जून १९५०

आणि साने गुरुजी?

ही गोष्ट शाळेत कुणी नीट सांगत नाही. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. पुढच्या वर्षी गांधीजींची हत्या झाली, त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, जे आजही निघतं. आणि ११ जून १९५० ला, वयाच्या पन्नाशीत, गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

एका कारणावर बोट ठेवणं चुकीचं आहे, असं काही एका कारणाने होत नसतं. त्यांना कमकुवत म्हणणं तर त्याहून चुकीचं. मला फक्त एवढं दिसतं, की लाखो घरांना धीर देणारं पुस्तक ज्यांनी लिहिलं, त्यांच्याकडे ते पुस्तक होतंच. गीता होती, विठ्ठल होता, माणसांचं प्रेमही होतं. तरीही मन इतकं आजारी पडू शकतं. म्हणूनच मनाच्या दुखण्याला श्रद्धा कमी पडली, वाचन कमी पडलं, असं म्हणून कुणाला दोष देऊ नका. स्वतःलाही नाही. ताप आला तर आपण म्हणतो का, हरिपाठ कमी झाला म्हणून?

मग पुस्तक वाचायचं की नाही?

वाचायचं, नक्की वाचायचं! 'माझ्या मनात चाललंय ते दुसऱ्या कुणाच्या तरी मनातही चाललं होतं' हे पुस्तकातून कळतं, आणि एकटेपणाचं ओझं थोडं हलकं होतं. पण या दोन्ही पुस्तकांचा इतिहास पाहिला तर आधी ऐकणारं माणूस दिसतं, मग पुस्तक. वसतिगृहाची खोली आधी, दैनिक नंतर. मित्राने दिलेला टाइपरायटर आधी, पुस्तक नंतर. त्या ताईंचा प्रश्न म्हणून बरोबर होता.

त्या मुलाला मी दोन्ही पुस्तकांची नावं पाठवली. त्याआधी एक वाक्य लिहिलं, "आज घरी कोण आहे?" बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "मोठी ताई." म्हटलं, आज झोपायच्या आधी तिला एवढंच सांग, की मला झोप लागत नाही. बाकी उद्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, "सांगितलं. ती रात्रभर इथेच बसली होती." समुपदेशक ताईंचा नंबर आता त्याच्या ताईकडे आहे. पुस्तक अजून उघडलेलं नाही. चालेल, पुस्तक कुठे पळून जात नाही.

तुमच्याकडे अशी ताई नसेल, किंवा घरच्यांना सांगणं शक्य नसेल, तर १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या ओळखीत कुणी अचानक गप्प गप्प झालं असेल, तर त्याला पुस्तकाची लिंक पाठवण्याआधी एक फोन करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.