दिनविशेष : १ मार्च
२००२ : ऊर्जा संवर्धन कायदा लागू

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ आजच्या दिवशी अमलात आला आणि ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. कॅलिफोर्नियाने १९७४ मध्येच राज्याचा कायदा करून उपकरणांच्या वीजवापराला मर्यादा घालण्याची वाट धरली होती. आपल्याकडे मात्र ही मानके केंद्र सरकार ठरवते. महाराष्ट्रात अंमलबजावणीसाठी महाऊर्जा ही नियुक्त संस्था आहे. उपकरणाची वीजबचत दाखवणारी तारांकित लेबले २००६ मध्ये आली, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना सक्तीची झाली. छताच्या पंख्याला मात्र २०२३ उजाडावे लागले. घरोघरी फिरणाऱ्या या वस्तूला इतका उशीर व्हायला नको होता.

आमच्या साजगावाशेजारच्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज निर्माण करते. ती आधी मुंबईच्या गिरण्यांना गेली. आता वीज घराघरांत आहे आणि घाटाखालच्या दमट उन्हाळ्यात इथला पंखा दिवसरात्र चालतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज दहा तासांच्या वापरात महिन्याला सुमारे साडेतेरा युनिट वाचतात. निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून खरेदीच्या वेळी ताऱ्यांबरोबर लेबलावरची मुदतही वाचा.