पदवीधर परिचारिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चारांपैकी प्रत्येकाचे पुन्हा चार चार गुण ग्रंथकाराने दिले आहेत. परिचारकाचे गुण असे : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. आपल्या समाजाने अनुरागाची थोरवी नेहमीच गायिली. घरातील सासू-सुना, लेकी, विधवा आत्या यांनी दुखणाईतांची चाकरी जन्मभर केली आणि तिचे पुण्य आपण मान्य केले. परंतु गुणांच्या यादीत ज्ञान पहिले आहे, याचे आपणांस विस्मरण झाले. मायाळूपणा असला की शुश्रूषा आपोआप येते, तिला शिक्षण कशाला, अशी समजूत रूढ झाली. या समजुतीतूनच पुढे दुसरी उपजली : जिच्यापाशी शिक्षण आहे, तिने या कामात कशाला पडावे?

हा दुसरा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो. मुलगी बी. ए. किंवा बी. कॉम. झाली, काही दिवस नोकरीही केली, आणि मग तिने परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर घरची वडीलधारी मंडळी गप्प होतात. पदवी फुकट गेली, असे त्यांना वाटते. या प्रश्नाला इतिहासाने एकदा फार स्पष्ट उत्तर दिले आहे. ते उत्तर प्रथम अमेरिकेत, महायुद्धाच्या आणि महामारीच्या ऐन धामधुमीत मिळाले. म्हणून आधी तिकडचा वृत्तान्त सांगून मग आपल्या घराकडे वळणे आम्हांस योग्य वाटते.

आधुनिक परिचर्याशिक्षणाचा उगम इ. स. १८६० मध्ये झाला. त्या वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. १८७३ साली त्याच धर्तीच्या शाळा न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथे निघाल्या आणि नंतर त्या अमेरिकाभर पसरल्या. पण पसरता पसरता मूळ हेतू मागे पडला. शाळा रुग्णालयाच्या मालकीची; विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाला जवळजवळ विनावेतन मिळालेले मनुष्यबळ. दिवसाचे बारा बारा तास वॉर्डात राबावे आणि उरलेल्या थकल्या वेळी व्याख्यान ऐकावे, असा क्रम पडला. अशा शाळेत महाविद्यालयाची पदवी घेतलेली स्त्री क्वचितच पाऊल टाकी. ज्या काळात स्त्रियांना उच्च शिक्षणाची दारे नुकतीच उघडली होती, त्या काळात पदवीधर स्त्रीने तीन वर्षे फरशा पुसण्यात आणि चादरी मोजण्यात घालवावीत, हे कोणासच रुचणारे नव्हते.

याच सुमारास या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान मिळू लागले. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला आणि पुढील वर्षी एलेन डॉहर्टी या जगातील पहिल्या नोंदणीकृत परिचारिका ठरल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने १९०३ साली असा कायदा केला. इंग्लंडने १९१९ साली. नोंदणीचा अर्थ साधा होता. ठरावीक शिक्षण आणि परीक्षा यांवाचून कोणीही स्वतःला नोंदणीकृत परिचारिका म्हणवून घेऊ नये. कुलीनपणा, श्रीमंती, सद्‌हेतू किंवा विद्वत्ता यांपैकी काहीही त्या शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व त्यात गृहीत होते.

या तत्त्वाची कसोटी १९१८ साली लागली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरून वर्ष झाले होते. हजारो परिचारिका सैन्याबरोबर परदेशी गेल्या आणि मायदेशीची रुग्णालये ओस पडू लागली. दुसरीकडे देशसेवेच्या उत्साहाने भारलेल्या सुशिक्षित स्त्रिया पुढे येत होत्या. त्यांना जुजबी शिक्षण देऊन मदतनीस म्हणून रुग्णांपाशी उभे करावे, असा एक पक्ष होता. ॲनी गुडरिच यांच्यासारख्या अनुभवी परिचारिकांनी त्याला कडाडून विरोध केला. जखमी सैनिकाला उत्साही परंतु अर्धशिक्षित हातांत सोपविणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सैनिकी परिचर्याविद्यालयाच्या गुडरिचबाई पहिल्या अधिष्ठात्री झाल्या.

या वादातून एक मध्यम मार्ग निघाला, आणि तोच आमच्या विषयाचा आरंभ होय. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी व्हॅसर हे त्या काळी स्त्रियांचे विख्यात महाविद्यालय होते. मिनी कम्नॉक ब्लॉजेट या तेथील माजी विद्यार्थिनीच्या सूचनेवरून, रेड क्रॉस आणि राष्ट्रीय संरक्षण परिषद यांच्या साहाय्याने, १९१८ च्या उन्हाळी सुटीत तेथे बारा आठवड्यांचे एक शिक्षणशिबिर भरले. प्रवेशाची अट पदवीची होती. शंभराहून अधिक महाविद्यालयांतून चारशेहून अधिक पदवीधर स्त्रिया आल्या. कोणी इतिहास शिकलेल्या, कोणी भाषा, कोणी अर्थशास्त्र. कित्येकजणी शाळांतून शिकवीत होत्या. शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, रसायन, आहार, आरोग्यशास्त्र, औषधिविद्या आणि प्राथमिक परिचर्या असे विषय त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकविण्यात आले.

या योजनेतील मर्म असे की बारा आठवडे संपल्यावर त्यांना परिचारिका म्हणून कोणी घोषित केले नाही. त्यांनी ठरावीक रुग्णालयांच्या शाळांत दाखल व्हावयाचे होते. नेहमीच्या तीन वर्षांतील काही महिन्यांची सूट त्यांना मिळाली, परंतु सुमारे दोन वर्षांची वॉर्डातील उमेदवारी कोणालाही चुकली नाही. अभ्यास लवकर करण्याची सवय पदवीने लावली होती. तेवढ्यापुरताच पदवीचा मान राखला गेला. रुग्णाची कूस बदलणे, जखम बांधणे, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी ताप उतरतो आहे की जीव खचतो आहे हे ओळखणे, यांत पदवीधर आणि अपदवीधर असा भेद नव्हता.

शिबिर सप्टेंबरात संपले आणि या स्त्रिया रुग्णालयांत पोहोचल्या, तोच इन्फ्लुएंझाची ती भयंकर साथ तेथे येऊन ठेपली. त्याच साथीने त्याच वर्षी मुंबई इलाख्यातही हाहाकार माजविला होता. पाठीवर नुकताच गणवेश चढविलेल्या या विदुषींना पहिला धडा मिळाला तो मरणाऱ्यांच्या उशाशी. तरीही अनेकींनी आपला अभ्यासक्रम पुरा केला, आणि पुढील पिढीचे नेतृत्व त्यांच्यातून आले. कॅथरिन डेन्सफर्ड हे त्यांतील एक ठळक नाव. पदवी घेऊन शिक्षिका झालेल्या या बाई व्हॅसरच्या शिबिरातून परिचर्येकडे वळल्या. १९३० पासून १९५९ पर्यंत त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या परिचर्याविद्यालयाची धुरा वाहिली आणि १९४४ ते १९४८ या काळात अमेरिकन परिचारिका संघाचे अध्यक्षपद भूषविले.

युद्ध संपले, पण प्रश्न संपला नाही. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांनी सिद्ध केलेला परिचर्याशिक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा रुग्णालयाच्या सोयीसाठी राबविल्या जातात आणि त्यात शिक्षणाची हेळसांड होते, हे त्याने साधार दाखविले. त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या धनसाहाय्याने येल विद्यापीठात परिचर्याविद्यालय उघडले आणि गुडरिचबाई तेथेही पहिल्या अधिष्ठात्री झाल्या. येथे विद्यार्थिनी ही रुग्णालयाची मजूर नव्हती. ती कोठे किती काळ काम करील हे तिच्या शिक्षणाच्या गरजेवरून ठरे. १९३४ पासून येथे प्रवेशासाठी आधी दुसऱ्या कोणत्या तरी विषयाची पदवी आवश्यक करण्यात आली आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस परिचर्येतील उच्च पदवी देण्यात येऊ लागली. ज्या कामाला पदवीधर स्त्री कमीपणाचे मानीत होती, त्याच्या एका विद्यालयाच्या दारावर आता पदवी हीच प्रवेशपत्रिका झाली.

हा मार्ग पुढे अखंड राहिला असे मात्र नाही. १९५० च्या दशकात येल विद्यापीठाने हा अभ्यासक्रम बंद केला आणि केवळ आधीच परिचारिका असलेल्यांसाठी उच्च शिक्षण ठेवले. १९७४ साली अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी तेथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाला. त्यापूर्वी १९७१ साली सेंट लुइस विद्यापीठाने अशा पदवीधरांसाठी थोड्या अवधीचा पदवी-अभ्यासक्रम काढला होता. आज अमेरिकेत असे अभ्यासक्रम अनेक विद्यापीठांत आहेत आणि ते साधारणपणे ११ ते १८ महिन्यांत पुरे होतात. भाषा, समाजशास्त्र, इतिहास यांसारखे जे सामान्य विषय विद्यार्थी आधीच शिकला आहे, ते त्याला पुन्हा शिकावे लागत नाहीत. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय झाले नसतील तर ते प्रवेशापूर्वी पुरे करावे लागतात. रुग्णालयातील प्रत्यक्ष काम मात्र त्या थोड्या महिन्यांत दाटून भरलेले असते, म्हणूनच हा अभ्यास अत्यंत कष्टाचा मानला जातो. शेवटी सर्वांसाठी एकच परीक्षा आणि एकच नोंदवही.

आता आपल्याकडे पाहू. ज्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, त्या रमाबाई रानडे यांनी परिचर्येचे महत्त्व फार आधी ओळखले होते. पांढरपेशा घरांतील विधवांनी हे शिक्षण घ्यावे यासाठी त्यांनी लोकनिंदा पत्करली. परक्याच्या मलमूत्राला हात लावावयाचा, कोणत्या जातीचा रुग्ण समोर येईल याचा नेम नाही, रात्रपाळी करावयाची, ही त्या वेळची भीती होती. सोवळ्याची जी कल्पना घरांत रुजली होती, ती स्पर्श टाळण्यावर उभी होती. चरकाने परिचारकाला सांगितलेली शुचिता वेगळी आहे. स्पर्श केल्यावाचून शुश्रूषा घडतच नाही. तो स्पर्श निर्मळ हातांनी व्हावा, एवढीच तिची अपेक्षा. शस्त्रक्रियागृहात कोपरापर्यंत हात धुऊन उभी असलेली परिचारिका या अर्थाने पूर्ण सोवळ्यात असते.

कायदा आणि विद्यापीठ यांनीही यथावकाश हात दिला. मद्रास इलाख्यात १९२६ साली आणि मुंबई इलाख्यात १९३५ साली नोंदणीचे कायदे झाले. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येतील पदवीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची स्थापना झाली. २०२३ साली संसदेने या शिक्षणासाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला.

तथापि अन्य विषयाच्या पदवीधराला आपल्याकडे वाट लांबची आहे. बी. एस्‌सी. नर्सिंगची चार वर्षे त्याला पहिल्यापासून काढावी लागतात आणि त्यासाठी बारावीला विज्ञानाचे विषय असावे लागतात. कलाशाखेच्या पदवीधर मुलीपुढे बहुधा जी. एन. एम. चा तीन वर्षांचा मार्ग उरतो. पदवी हवी असल्यास त्यापुढे आणखी दोन वर्षांचा अभ्यास. राज्याच्या परिषदेत नाव नोंदविले गेले म्हणजे मगच ती नोंदणीकृत परिचारिका. तिने आधी मिळविलेल्या पदवीसाठी यात एका दिवसाचीही सूट नाही. इतिहासाकडे पाहता, बुद्धीने तयार झालेल्या पदवीधरांसाठी तात्त्विक विषयांचा काळ कमी करणारी एखादी व्यवस्था आपल्याकडेही विचारात घेतली जावी, असे आमचे नम्र मत आहे. मात्र रुग्णाजवळच्या तासांना कात्री लागता कामा नये. १९१८ सालच्या आणीबाणीतही ती लावली गेली नाही, हे विसरून चालणार नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची घरे देवळाच्या नित्यसेवेशी बांधलेली आहेत. त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावयास नको. एखादा पुरुष शास्त्रांत कितीही पारंगत असो. गाभाऱ्यातील पूजा प्रथम हाती घेताना त्याला समई कोणती आधी उजळावयाची, निर्माल्य कसे उतरावयाचे, अभिषेकाचे पाणी किती कोमट हवे, हे कोणा वृद्ध पुजाऱ्याजवळ उभे राहूनच शिकावे लागते. त्यात त्याच्या विद्येचा अपमान होत नाही. उलट, त्याची विद्या त्या सेवेत उतरते. व्हॅसरच्या त्या चारशे स्त्रियांनी नेमके हेच केले. त्यांची पदवी वाया गेली नाही. त्यांनी तयार केलेल्या शाळा, त्यांनी शिकविलेल्या परिचारिका आणि त्यांच्या हातून बरे होऊन घरी परतलेले रुग्ण हे तिचे फळ होय.

म्हणून ज्या घरात आज एखादी पदवीधर मुलगी, अथवा मुलगाही, हा विचार बोलून दाखवील, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. पदवी फुकट गेली असा सूर लावू नये. तीन-चार वर्षांचा खर्च कसा भागवावयाचा, मुलीने वसतिगृहात राहावयाचे की घरून जावयाचे, रात्रपाळीच्या काळात तिच्या जेवणाची काय व्यवस्था, असे व्यवहाराचे प्रश्न जरूर विचारावेत. पण चरकाने सांगितलेल्या चार गुणांपैकी पहिला गुण तिने आधीच अर्धा कमावला आहे. उरलेला अर्धा ती रुग्णाच्या उशाशी कमावील. तिला तेथवर जाऊ द्यावे.