फटाक्यांचे विद्युत प्रज्वलक
फटाक्याची वात विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने दुरून पेटवणाऱ्या साधनास विद्युत प्रज्वलक म्हणतात. उदबत्तीने वात पेटवताना फटाक्यावर वाकावे लागते. प्रज्वलकामुळे पेटवणारा तारेच्या लांबीइतका दूर राहतो.

प्रज्वलकात सामान्यतः नायक्रोम या निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. तिचा विद्युतरोध अधिक असल्याने प्रवाह सुरू होताच ती तप्त होते. प्रज्वलकांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात तारेवर ज्वालाग्राही मिश्रणाचा लेप असतो व तो क्षणार्धात पेटतो. व्यावसायिक आतषबाजीत तो रूढ आहे. दुसऱ्यात लेप नसतो. चिमट्याने वातीवर बसवलेली तारच वात पेटवते. लेपयुक्त प्रज्वलक घर्षणाने किंवा स्थितिक विद्युतनेही पेटू शकतो. त्यामुळे अमेरिकेत त्याची गणना स्फोटकांत होते व त्यासाठी परवाना लागतो.

भारतात स्फोटके अधिनियम, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ यांन्वये फटाक्यांचे नियमन होते. त्याची प्रमुख यंत्रणा असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

प्रज्वलकाने मिळणारे अंतराचे संरक्षण तारा जोडताना मात्र नसते, कारण त्या वेळी माणूस फटाक्याजवळच असतो. म्हणून बॅटरी सर्वांत शेवटी, सर्वजण दूर गेल्यावरच जोडावयाची असते. फटाका न उडाल्यास आधी बॅटरी अलग करून पुरेसा वेळ थांबणे आवश्यक असते. वात आतल्या आत धुमसत असण्याची शक्यता असते.